‘एआय आलंय, मग बोलीभाषेतला शिक्षक कशाला?’ हा मेसेज फॉरवर्ड करण्याआधी वाचा

व्हॉट्सॲपवर सध्या फिरतंय की एआयला आता सगळ्या भाषा येतात, मोबाईल मराठीचं गोंडी, भिली, कोरकू लगेच करून देतो, मग आदिवासी भागात त्यांच्या भाषेतले शिक्षक आणि वेगळी पुस्तकं यावर पैसा कशाला घालायचा. शिकलेले लोक याला अंगठे देतायत म्हणून लिहितेय.

‘सगळ्या भाषा येतात’ हे आधी घेऊ. सरकारच्या ‘भाषिणी’ या एआय भाषांतर सेवेचा भर राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या २२ भाषांवर, त्यात आदिवासींच्या म्हणाव्या अशा दोनच, संथाली आणि बोडो. २०११च्या जनगणनेत भिली गटातल्या बोली बोलणारे एक कोटीच्या वर, गोंडीवाले जवळपास ३० लाख, पण दोन्ही त्या यादीत नाहीत. सप्टेंबर २०२५ मध्ये आदिवासी मंत्रालयाने आदिवासी भाषांचं भाषांतर करणारं आदि वाणी ॲप आणलं, खरंच चांगलं काम आहे, पण त्याच्या पहिल्या चाचणी आवृत्तीतली गोंडी छत्तीसगडची नि भिली मध्य प्रदेशची. मग गडचिरोलीतल्या भामरागडच्या, गोंडीच्या जवळची माडिया बोलणाऱ्या पोराचं काय, नंदुरबारमधल्या धडगावच्या, भिली गटातली पावरी बोलणाऱ्या पोरीचं काय? कोरकू तर त्यात नव्हतीच.

आता ‘लगेच करून देतो’. पहिलीचा वर्ग डोळ्यासमोर आणा, पत्र्यावर पाऊस वाजतोय, पंचवीस-तीस पोरं एकदम बोलतायत आणि त्यातलं एक अर्धं माडिया अर्धं मराठी असं काहीतरी पुटपुटतंय. आवाज ओळखणारी मॉडेलं बहुतेक मोठ्या माणसांच्या आवाजावर तयार झालेली, लहान मुलांच्या बोलण्यात ती जास्तच चुकतात. फेसबुकवाल्या मेटा कंपनीने २०२३ मध्ये अकराशेहून जास्त भाषांतला आवाज ओळखणारं मॉडेल काढलं, पण त्यातला बराचसा आवाज बायबलच्या नव्या कराराच्या वाचनाचा आहे, त्यातून ‘हातचा एक घे’, ‘रेघेच्या खाली लिही’ हे कुठून येणार? आणि मला सगळ्यात जास्त भीती वाटते ती याची, की भाषांतर चुकलं तर सांगणार कोण, पोराला वाटणार आपल्यालाच समजत नाही आणि सरांना ती भाषाच येत नाही.

नेटवर्कचं तर बोलायलाच नको, पर्लकोटा नदीला पूर आला की जिथे भामरागडचा रस्ताच बंद पडत आलाय, तिथे नेटवर्कचा काय भरवसा.

राहिला पैसा. एआयला गोंडी येते ती गोंडी बोलणाऱ्यांनी बसून वाक्यं लिहून दिली, बोलून दिली म्हणून, म्हणजे माणसांवरचा खर्च टळत नाहीच. ओडिशाने २००६-०७ च्या सुमारास आदिवासी भाषांतून प्राथमिक शिक्षण सुरू केलं, आज २१ भाषांपर्यंत गेलेत, आणि तिथे सुरुवात त्या त्या भाषेतली पुस्तकं आणि ती भाषा बोलणारे शिक्षक इथूनच झाली.

एआय नको असं मी अजिबात म्हणत नाहीये. माडिया येणाऱ्या बाई त्यावर सोप्या गोष्टींचा कच्चा मसुदा काढतील, चुका दुरुस्त करतील, स्वतःच्या आवाजात रेकॉर्ड करून पोरांना ऐकवतील, याने त्यांचे कितीतरी तास वाचतील. डीएड झालेली माडिया, कोरकू, पावरी बोलणारी पोरंपोरी आहेत आपल्याकडे, त्यांना आधी त्यांच्याच भाषेच्या शाळांवर नेमा, रेकॉर्डिंगच्या कामाचे पैसे द्या आणि मग ॲप त्यांच्या हातात द्या.