मालकांचं उत्तर: "एक्सप्रेस फक्त नावाला" या रिव्ह्यूबद्दल

नमस्कार ताई. आमच्या भुसावळ-जळगाव एक्सप्रेस गाडीमुळे तुम्हाला त्रास झाला, ऑफिसात लेट मार्क लागला, त्याबद्दल सॉरी. एक स्टार दिला, तो गिऱ्हाईकाचा हक्क आहे. पण "साध्या गाडीपेक्षा जेमतेम दहा मिनिटं वाचतात, पैसे दुप्पट, आणि त्या दिवशी तर वीस मिनिटं उशीर" असं तुम्ही लिहिलंय. पास काढायला येणारा माणूस आधी हेच वाचतो, म्हणून त्या वीस मिनिटांचं बोलावंच लागेल.

गाडी भुसावळात नाहाटा चौफुलीवरून ८.४५ ला सुटते. त्या दिवशी ८.५३ ला सुटली. ८.४४ ला ड्रायव्हरला फोन आला होता, "भाऊ, दोनच मिनिटं, रिक्षात बसलेय." फोन कोणाचा, ते तुम्हाला माहीत आहे. गाडी भरलेली, मे महिन्याचं ऊन, मागच्या सीटवरून "चला ना हो" अशी ओरड. तरी तो दार उघडं ठेवून थांबला. आपल्याकडे आठ मिनिटं उशिरा निघालं की तेवढ्यावर भागत नाही. जळगावात शिरताना अजिंठा चौफुलीला एमआयडीसीची गर्दी नेमकी आडवी येते, मग इच्छादेवीपर्यंत रांगत जायचं. थांबला नसता तर "सोडून गेले" म्हणून एक स्टार आलाच असता. माझा ड्रायव्हर अरेरावी करत नाही ताई, त्याच्याबद्दल लिहिलेलं फार लागलं.

आता दहा मिनिटांचं. एक्सप्रेस म्हणजे गाडी पळवणं नव्हे. स्पीड गव्हर्नर लावलेला आहे, ८० च्या वर जाताच येत नाही, आणि साधी गाडीही याच हायवेने येते. वाचतं ते थांब्यांवर. साकेगाव, नशिराबाद, तरसोद फाटा. दर ठिकाणी ब्रेक, चढउतार, सुट्ट्यांची कटकट. पंचवीसेक किलोमीटरात त्यातून दहाच मिनिटं निघणार. शहरात शिरलं की आम्हीही त्याच सिग्नलला उभे. ज्याला कधीही निघालं तरी चालतं, त्याने खुशाल एसटी धरावी. एक चुकली तर मागून दुसरी येते, आमची सकाळी एकच. उभं न राहता, ठरल्या वेळेला आकाशवाणी चौकात उतरायचं असेल त्यालाच आमचा पास परवडतो, हे मी पास देतानाही सांगतो.

दुप्पट पैशांचं म्हणाल तर एसटीत मार्च २०२३ पासून महिलांना अर्धं तिकीट आहे आणि उरलेल्या अर्ध्याची भरपाई सरकार एसटीला देतं. मला डिझेल, टायर, बँकेचा हप्ता खिशातूनच भरावा लागतो. नशिराबादला उतरवलं नाही म्हणता, तर आमचा परवाना कंत्राटी आहे. यादीतला माणूस यादीतल्या ठिकाणीच चढतो-उतरतो, वाटेत कुठेही थांबलो तर आरटीओ माझ्या दारात.

वेळेचं बघतो, ड्रायव्हरलाही सांगितलंय, एसीचं पुढच्या सीझनला पाहू. यापुढे कोणासाठीही गाडी थांबणार नाही, तुमच्यासाठीही नाही. पास नकोच असेल तर उरलेल्या दिवसांचे पैसे ऑफिसातून घेऊन जा. रविवारी बंद असतं.