म्हणे, समस्या आढळून आली नाही!

‘समस्या आढळून आली नाही’ एवढे एकच वाक्य लिहिलेला कागद जोडून सर्व्हिस सेंटरने माझा लॅपटॉप आठ दिवसांनी परत केला. घरी येऊन एका गिऱ्हाइकाच्या स्वयंपाकघराचे थ्रीडी मॉडेल उघडून जरा फिरवले मात्र, पडदा काळा झाला, परत आला, पुन्हा काळा झाला आणि शेवटी विंडोज कोलमडल्यावर येणारा ओळखीचा निळा पडदा समोर उभा राहिला. पहिले पाढे पंचावन्न!

त्या निळ्या पडद्यावर कारण चक्क लिहिलेले असते: व्हिडिओ टीडीआर फेल्युअर. पडद्यावरची चित्रे तयार करणाऱ्या ग्राफिक्स चिपला दिलेले काम ठरलेल्या मुदतीत (विंडोजमध्ये ती मुळात 2 सेकंदांची असते) पुरे झाले नाही, तर चिप अडकली असे समजून तिला नव्याने सुरू करण्याचा प्रयत्न होतो आणि तोही फसला, तर सगळा कारभारच बंद पडतो. दुखते कुठे, हे यंत्र स्वतः सांगत आहे. इव्हेंट व्ह्यूअर या विंडोजच्या नोंदवहीतल्या, ग्राफिक्स अडकल्याच्या 4101 क्रमांकाच्या नोंदी मी छापून लॅपटॉपसोबत दिल्या होत्या. तो कागद घातलेल्या घडीसकट तसाच परत आला.

फोनवरच्या चार वेगवेगळ्या माणसांनी चार वेळा मला ‘सर, ड्रायव्हर (विंडोजकडून ती चिप चालवून घेणारा प्रोग्राम) अपडेट करून बघा’ असे सांगितले. सेफ मोडमध्ये (विंडोज अगदी मोजक्या गोष्टींसह सुरू करून) जाऊन जुना ड्रायव्हर समूळ काढून झाला, नवा घालून झाला, त्याच्या आधीचाही घालून पाहिला आणि लॅपटॉप सुरू करणारा मूळ प्रोग्राम, म्हणजे बायॉसही अद्ययावत केले, हे चौघांनाही पहिल्यापासून सांगावे लागले, कारण आधीच्याने काही लिहून ठेवण्याची तसदी घेतलेली नव्हती.

अखेर निदान मीच केले. या लॅपटॉपमध्ये ग्राफिक्सची एक सोय मुख्य प्रोसेसरच्या आतच आहे आणि दुसरी स्वतंत्र चिप आहे, जिच्यासाठी मी जादा पैसे मोजले. डिव्हाइस मॅनेजरमधून स्वतंत्र चिप बंद ठेवली, तर चार दिवस सुरळीत काम. चालू केली की 40 मिनिटांत निळा पडदा. तापमान 65 अंशांच्या वर गेलेले नव्हते, त्यामुळे ‘धूळ साफ करून घ्या’ हे पालुपदही इथे लागू नाही. आणि सर्व्हिस सेंटरने तपासणी काय केली, तर नुसता डेस्कटॉप दिवसभर चालू ठेवला! जड काम नसताना बॅटरी वाचवण्यासाठी ती चिप निजलेलीच असते. झोपलेल्या माणसाकडे पाहून ‘हा लंगडत नाही’ असा दाखला देण्यातलाच हा प्रकार झाला.

आता म्हणतात, चिप मदरबोर्डवरच सोल्डर केलेली असल्यामुळे संपूर्ण बोर्ड बदलावा लागेल आणि वॉरंटी संपल्याने खर्च माझा. पहिली तक्रार वॉरंटीत असतानाच केली होती, असे म्हटल्यावर उत्तर मिळाले की ती तक्रार ‘समस्या आढळून आली नाही’ म्हणून बंद झाली आहे, ही नवीन तक्रार धरली जाईल. आपणच दोष शोधायचा नाही आणि न शोधलेल्या दोषाच्या आधारे बिल मात्र गिऱ्हाइकाच्या हातात ठेवायचे, ही युक्ती ज्याला सुचली त्याला मदरबोर्ड दुरुस्तीच्या कामाला लावायला हवे होते.

तूर्त ती चिप बंद ठेवूनच मी काम करतो. मॉडेल रखडत फिरते, आणि एचडीएमआयची जोडणी नेमकी त्याच चिपमधून असल्यामुळे मोठा पडदाही लागत नाही. काल आलेल्या कुटुंबातल्या पाच जणांनी आपले भावी घर माझ्या खांद्यावरून वाकून पाहिले.