बुद्धाची नाणी

परवा एका ग्रुपवर वाचलं की चीनमध्ये कन्फ्युशियसमुळे पूर्वीपासून सरकार वेगळं धर्म वेगळा, तिकडे राजा आणि धर्म यांची भांडणं कधी नव्हतीच. राहवलं नाही म्हणून लिहितोय, लांबेल, सांभाळून घ्या.

ह्युएन त्संग आपल्याला शाळेपासून माहीत. महाराष्ट्रात येऊन गेला आणि ही माणसं उपकार विसरत नाहीत पण अपमानाचा सूड घेतात असं लिहून गेला (वाचून छाती फुगवणाऱ्यांत मीपण होतो). तो चीनमधून निघाला तेव्हा सीमा ओलांडायला बंदी होती, तसाच गुपचूप निघाला, पण ६४५ साली पोथ्या घेऊन परतल्यावर राजधानी छांगआनमध्ये जंगी स्वागत झालं, भाषांतराचा खर्चही बादशहाने उचलला. आणि बरोबर २०० वर्षांनी, ८४५ मध्ये, त्याच थांग राजघराण्यातल्या वूझोंग बादशहाच्या फर्मानात काय आहे? ४,६०० मठ पाडले, ४०,००० छोटी देवळं पाडली, २,६०,५०० भिक्षू-भिक्षुणींना संसारी करून करदात्यांच्या यादीत घातलं, मठांचे १,५०,००० दास तेही कराखाली आणले.

यावर ठरलेलं उत्तर म्हणजे राजा ताओवादी होता (ताओ हा चीनचा स्वतःचा जुना धर्म), अमर व्हायच्या औषधांपायी डोकं फिरलेलं. होताच तसा. एन्निन नावाचा जपानी भिक्षू तेव्हा छांगआनमध्ये होता, त्याला साधे कपडे घालून निघावं लागलं, त्याच्या रोजनिशीत राजाच्या वेडाचं भरपूर आहे. पण नुसत्या वेडाने इतके काटेकोर आकडे येत नाहीत हो! तांब्याच्या मूर्ती आणि घंटा वितळवून नाणी पाडा, लोखंडाच्या मूर्तींची शेतीची अवजारं करा, सोनं-चांदी खजिन्यात. हा माणूस हिशोबाला बसलाय.

भिक्षूला कर नाही, वेठबिगार नाही, आणि भिक्षू व्हायला सर्टिफिकेट लागायचं ते देणार सरकारी खातं. ७५५ च्या आन लुशान या सेनापतीच्या बंडानंतर तिजोरी रिकामी झाली तेव्हा सरकारनेच ही सर्टिफिकेटं रोख पैसे घेऊन विकली. म्हणजे आधी स्वतः दुकान मांडायचं आणि मग गिऱ्हाईकं फार झाली म्हणून ओरडायचं. धर्म वेगळा कुठला, तो सरकारचंच एक खातं होता. दासांना ‘मुक्त केलं’ असं कुठे कुठे लिहितात, मला ते पटत नाही, मठाकडून काढून सरकारच्या कराखाली टाकले इतकंच.

हां, एक गोष्ट मात्र माझ्या हिशोबात बसत नाही. इराणकडून आलेले ख्रिस्ती आणि अग्निपूजक पुरोहित, जेमतेम दोन-तीन हजार, त्यांनाही याच फर्मानाने संसारी केलं, कारण काय तर चिनी रीतीभातींत भेसळ होऊ नये. यांच्याकडून खजिन्यात कितीशी भर पडणार होती? इथे परक्याचा तिटकाराच दिसतो, पैसा नाही.

बाय द वे, राजधानीत मोजके मठ ठेवले होते, प्रत्येकी ३० भिक्षू, त्यात ह्युएन त्संगचा त्सअन मठ वाचला.

वूझोंग ८४६ मध्ये गेला, त्या अमर करणाऱ्या औषधांनीच असं म्हणतात. पुढच्या बादशहाने सगळं फिरवलं. मूर्ती वितळवून पाडलेली नवी नाणी त्यावरच्या अक्षरांवरून ओळखू यायची, मग ती शोधून, वितळवून, पुन्हा बुद्धमूर्ती ओतल्या.