मेन्यू जागचा हलवू नका

नाशिकच्या दुकानदारांत सध्या एक सल्ला फिरतोय: ‘वेबसाइटचा मेन्यू गिऱ्हाइकाच्या क्लिकप्रमाणे आपोआप बदलता ठेवा. हवं ते वर येतं, शोधाशोध वाचते, विक्री वाढते.’ द्राक्षबागेची औषधं-खतं विकणाऱ्या साइटला हे लावून पाहिलं, तर तिन्ही दावे टिकत नाहीत.

हवं ते वर येतं? मशीनला फक्त मागचं कळतं. ऑक्टोबरच्या फळछाटणीला बागायतदार काडीवरचे डोळे (कोंब) फुटण्यासाठी हायड्रोजन सायनामाइड शोधतो, पुढे जीए (जिबरेलिक ॲसिड, वाढीचं संजीवक), मग डाऊनी-भुरी या बुरशीरोगांची औषधं. त्या क्लिकवर मेन्यू रचला, की एप्रिलच्या खरड छाटणीला त्याच माणसाला वर सायनामाइड आणि जीए दिसणार. त्याला तेव्हा काडी तयार करायची असते. त्यासाठी सीसीसी, सिक्स-बीए ही वेगळी संजीवकं हवी असतात. बागेचं सगळं काम ‘छाटणीपासून कितवा दिवस’ यावर चालतं. मग तारीखच एकदा विचारून घ्या आणि त्या दिवसांप्रमाणे माल दाखवा. सवय ओळखत बसण्यापेक्षा हे कितीतरी खरं. शिवाय एकाच फोनवर बाप औषधं बघतो आणि मुलगा ठिबकचे पार्ट. मशीनला दोघं एकच.

शोधाशोध वाचते, हे तर उलटंच आहे. रोजचा माणूस मेन्यू वाचत नाही, त्याला जागा पाठ असते. ‘बुरशीनाशके’ तिसऱ्या ओळीत असेल तर अंगठा थेट तिथे जातो; ती ओळ पाचवी झाली की चुकीचं पान उघडतं. मायक्रोसॉफ्टनं ऑफिस 2000 मध्ये कमी वापरातले पर्याय आपोआप झाकणारे मेन्यू आणले होते. ऑफिस 2007 मध्ये मेन्यूच्या जागी बटणांची पट्टी (रिबन) आली आणि ते बंद झाले. डब्ल्यूसीएजी या सुलभतेच्या निकषांतही (3.2.3) हेच आहे: पानोपानी येणाऱ्या मेन्यूचा क्रम तोच राहावा, वापरणाऱ्यानं स्वतः बदलला तरच बदलावा. स्क्रीन रीडरवर (पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरवर) ऐकत जाणाऱ्याला त्या क्रमाचाच आधार असतो.

विक्री वाढते, हे सिद्ध करायला आकडे लागतात. शंभरातले 2 जण खरेदी करत होते ते 2.4 झाले, एवढं खात्रीनं सांगायला जुन्या आणि नव्या मेन्यूला प्रत्येकी साधारण 20,000 माणसं लागतात. छाटणीच्या तोंडावर नवा मेन्यू सुरू केला तर वाढलेली विक्री हंगामाची असते.

तांत्रिक अडचणी वेगळ्याच. सर्व्हरवर प्रत्येकाचा मेन्यू बनवला तर एकदा बनवून साठवलेलं (कॅश केलेलं) पान सगळ्यांना देता येत नाही, साइट जड होते. ब्राउझरमध्ये बनवला तर पान उघडल्यावर ओळी सरकतात. आणि आयफोनच्या सफारी ब्राउझरमध्ये 7 दिवस साइट वापरली नाही, तर स्क्रिप्टनं साठवलेली नोंद पुसली जाते. पंधरा दिवसांनी येणारा आयफोनवाला प्रत्येक वेळी नवखाच.

मेन्यू सहा-सात नावांचा आणि स्थिर ठेवा. ‘मागे पाहिलेलं’ ही चार वस्तूंची पट्टी सर्चखाली द्या, तिची उंची सीएसएसमध्ये (पानाची मांडणी ठरवणाऱ्या कोडमध्ये) आधीच राखून ठेवा, म्हणजे खालचं काही उडत नाही. मग सर्चमध्ये रिकाम्या हाती परतलेले शब्द दर आठवड्याला काढा. एकाच रोगासाठी कुणी ‘डाऊनी’ लिहितो, कुणी ‘डावणी’, कुणी ‘केवडा’. तिन्ही शब्द त्याच औषधांना जोडून टाका.