कल्ला करा, कल्ला उघडू नका

गोव्यात म्हापशाच्या मासळी बाजारात सकाळी आमच्या काकींच्या मागे उभे राहून बघा. विकणारी शपथेवर सांगत असते, "आतांचेच गो बाय, बोटीवयले!" काकी शपथेकडे ढुंकूनही बघत नाहीत. अंगठ्याने बांगड्याचा कल्ला वर करतात: लाल की तपकिरी? मग पोटावर बोट दाबतात, खड्डा राहतो का ते बघतात. मग डोळा. मग वाट्याच्या तळाशी लपवलेले दोन ओढून वर काढतात. एवढं झाल्यावर भावाची घासाघीस.

तुम्हाला हवामान बदलाबद्दल शंका घ्यायची आहे, फार चांगलं. फक्त काकींच्या वाटेला जाऊ नका. त्यांच्या पद्धतीत मोठी खोट आहे. कल्ला उघडला की आत काय आहे ते दिसतं.

आपली जागा बाजारात नाही, गाड्यावर. समोर भाजी-पाव, हातात मोबाईल, अंगावर वारा. पहिलं वाक्य पाठ करून ठेवा: "हवामान काय, ते नेहमीच बदलत आलंय." हे वाक्य शंभर टक्के खरं आहे, म्हणूनच सोयीचं आहे. ते म्हणून झालं की लगेच चहा मागवा, म्हणजे कुणी वेग विचारणार नाही. शेवटचं हिमयुग सरताना पृथ्वी पाचेक अंशांनी तापली, त्याला हजारो वर्षं लागली. आता दीडशे वर्षांत एक अंशाच्या वर गेली. पण आपल्याला काय? भरती-ओहोटी रोजचीच. मानशीचं, म्हणजे बांधातल्या झडपेचं, दार फुटून खाजनात, खाडीकाठच्या शेतात, खारं पाणी घुसलं तरी तीही भरतीच म्हणायची.

दुसरं हत्यार सूर्य: सगळं तोच तापवतोय. हे म्हणताना वर बोट दाखवावं, परिणाम चांगला होतो. धोका एकच. एखाद्याची कॉलेजात जाणारी मुलगी शेजारी बसलेली असते आणि ती सांगते की उन्हानेच तापत असतं तर वरचं वातावरणही तापलं असतं. इथे खालचं तापतंय आणि वरचा थर, स्ट्रॅटोस्फिअर, थंड होतोय. अशा वेळी वाद घालू नये. "तू कितवीला गं?" असं प्रेमाने विचारावं.

माझा आवडता मुद्दा मात्र ज्वालामुखीचा, आणि त्यावर थोडा वेळ घालवावा असं मी सुचवीन. हवेतला कार्बन डायऑक्साइड १९५८ पासून सलग मोजला जातोय तो हवाईतल्या माउना लोआवर. म्हणजे चक्क ज्वालामुखीच्या अंगावर! हे सांगितलंत की गाड्यावर शांतता पसरते. भजी तळणाराही झारा थांबवतो. "ज्वालामुखीवर बसून धूर मोजतात आणि बिल आपल्यावर फाडतात!" वा. इथेच थांबा. कारण पुढे गेलात तर कळेल की विवराकडून वारा आला की त्या वेळच्या नोंदी बाजूला काढतात, आणि दक्षिण ध्रुवावर, जिथे जवळपास ज्वालामुखी नाही की भजीवाला नाही, तिथेही आकडा तसाच चढतोय. १९५८ मध्ये तो दशलक्ष भागांत ३१५ होता, आज ४२० च्या वर आहे. जगातले सगळे ज्वालामुखी मिळून माणूस सोडतो त्याच्या एक टक्काही कार्बन डायऑक्साइड सोडत नाहीत. २०२२ च्या नोव्हेंबरात माउना लोआ खरोखरच फुटला तेव्हा झालं काय, तर रस्ता आणि वीज तुटून तिथली मोजणी बंद पडली, आणि ती तात्पुरती शेजारच्या माउना केआवर न्यावी लागली. ज्याच्यावर आरोप, त्याने पुरावा वाढवला नाही, उलट बंद पाडला. शिवाय जमिनीखालच्या कोळशात आणि तेलात कार्बन-१४, म्हणजे काळाबरोबर झिजत जाणारा किरणोत्सारी कार्बन, शिल्लक नसतो, आणि हवेतला त्याचा हिस्सा पातळ होत गेला. म्हणजे हा कार्बन कुणाच्या चुलीतला तेही ओळखता येतं. हे सगळं काकींचं काम झालं. आपण नाही बोट घालायचं.

"शास्त्रज्ञांचंच एकमत नाही" हेही चालतं, आणि अगदीच खोटं नाही. कार्बन डायऑक्साइड दुप्पट झाला तर पृथ्वी किती तापेल? आयपीसीसी या संयुक्त राष्ट्रांच्या हवामान समितीच्या २०२१ च्या अहवालात बहुधा अडीच ते चार अंश असं म्हटलंय. ढगांचा हिशेब अवघड आहे, त्यावर ते भांडतात. तुम्ही "किती" वरचं भांडण उचलायचं आणि "का" वर नेऊन ठेवायचं. एका लॅबने साखर २४० सांगितली, दुसरीने २७०. मेळ नाही, चला, दोदोल खायला मोकळे.

एक आठवण मात्र चुकूनही काढू देऊ नका: २०१८ चा जुलै. मासळीत फॉर्मेलिन, म्हणजे मृतदेह टिकवायचं रसायन, असल्याची बातमी आली आणि अख्खा गोवा एका रात्रीत रसायनशास्त्रज्ञ झाला. प्रमाण मर्यादेत आहे असं नंतर सांगण्यात आलं, तरी बाजार ओस. बाहेरून येणारी मासळी काही दिवस बंद झाली. तेव्हा कुणी म्हटलं नाही की जगातल्या सगळ्या शास्त्रज्ञांचं एकमत होऊ दे, मग टाकतो बांगडा. शीत-कडीवर दिवस काढले. पोटाचा प्रश्न होता!

थंडीचा पुरावा हातचा ठेवावा. २०१५ मध्ये अमेरिकेचे सिनेटर जिम इन्होफ यांनी भर सभागृहात बर्फाचा गोळा आणला होता: बघा, कुठे आहे तापमानवाढ? आपल्याकडे बर्फ पडत नाही ही अडचण आहे, पण मासळीच्या पेटीतला चालेल. वास येईल तेवढाच.

स्थानिक घटना आल्या की आजोबांना पुढे करा. २०२५ ला मान्सून मे महिन्यातच येऊन थडकला. पुरुमेंताच्या, म्हणजे पावसाळ्याच्या, बेगमीला वाळत घातलेली आमच्या आईची सोलं गच्चीवर अर्धीकच्ची होती. ती घाईघाईने घरात आणून पंख्याखाली पसरली, चार दिवसांनी त्यांच्यावर पांढरी लव आली. यावर उत्तर: "आमच्या आजोबांच्या वेळीही एकदा आला होता." आजोबा वारलेले असल्यास उत्तम. २०२१ च्या मे महिन्यात तौक्ते चक्रीवादळ आलं, कित्येक गावं दिवसचे दिवस अंधारात बसली: आजोबा. २०२३ च्या मार्चमध्ये उन्हामुळे शाळा दुपारच्या आत सोडल्या आणि त्याच महिन्यात म्हादई अभयारण्याच्या रानात वणवे पेटले: आजोबा. एका वादळावरून किंवा एका पुरावरून काही सिद्ध होत नाही, हे मलाही मान्य आहे. डोंगर आपणच कापले, खाजनं आपणच बुजवली, तो हिशेब वेगळा. पण वेगळे हिशेब एकमेकांत मिसळले की कुणालाच काही द्यावं लागत नाही, हे भाटकारांच्या, म्हणजे जमीनदारांच्या, जुन्या वह्या पाहिलेल्यांना सांगायला नको.

"हे सगळं गोऱ्यांनी केलं, आपण का भोगायचं?" हे शेवटी ठेवा. यातला पहिला भाग खराच आहे. दरडोई हिशेबात अमेरिकन माणूस आपल्या कितीतरी पट धूर सोडतो. पण "त्यांनी केलं" आणि "झालंच नाही" ही दोन वाक्यं एकाच चहावर म्हणू नका. मध्ये दुसरा चहा घ्या.

या कलेतले माझे गुरू म्हणजे आमच्याच वाड्यावरचे एक काका. नदीकाठी घर. २०२१ च्या जुलैत सत्तरी-डिचोलीत पूर आला तेव्हा पाणी त्यांच्या खिडकीला लागलं होतं. भिंतीला दोनदा चुना फासला, तरी चिखलाची रेघ पावसाळ्यात परत वर येते. गाड्यावर मात्र ते ठाम: काही बदललेलं नाही, सगळी परदेशी थेरं. परवा मुलाच्या नव्या घराचं जोतं घालत होते. काकांनी गवंड्याला जुन्या भिंतीपाशी नेलं, त्या रेघेवर बोट ठेवलं आणि तेवढी उंची दोरीने मापून घेतली. मग दोरी आणखी हातभर सोडली.

"हो वयलो हात कित्याक?" गवंड्याने विचारलं.

काका म्हणाले, "आसूं दी."