लाटांवरचे मिलिमीटर आणि तराजूचा पासंग

यवतमाळ जिल्ह्यातील आमच्या गावच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर कापसाच्या भावांसोबत सध्या एक संदेश फिरतो आहे. त्याचा आशय असा : तेराशे किलोमीटर उंचीवरचा उपग्रह पुरुषभर लाटांमधून समुद्रपातळीतील वर्षाला तीन मिलिमीटरची वाढ मोजूच शकत नाही, आकडे मुद्दाम फुगवलेले आहेत, मुंबईच्या गेटवेचे जुने छायाचित्र पाहा, पाणी तिथेच आहे.

उंचीची शंका रास्त आहे. १९९२ साली सोडलेला, समुद्रपातळी रडारने मोजणारा टोपेक्स-पोसायडन उपग्रह १,३३६ किलोमीटरवरून फिरत असे. मात्र अशा उपग्रहांची जागा जमिनीवरून लेसर व रेडिओ संकेतांनी सतत तपासली जाते आणि आज ती एक-दोन सेंटिमीटरपर्यंत निश्चित करता येते. लाटांचे म्हणावे तर रडारचा स्पंद एकाच लाटेवर पडत नाही; तो काही किलोमीटर रुंदीच्या पाण्यावरून परततो आणि त्याच्या बदललेल्या आकारावरूनच लाटांची उंची कळते. तरीही एकेका नोंदीत काही सेंटिमीटरची चूक राहते, हे मान्य केले पाहिजे. तीन मिलिमीटर हा आकडा एका नोंदीचा नसून, दर दहा दिवसांनी बहुतेक समुद्र पालथा घालणाऱ्या असंख्य नोंदींच्या अनेक वर्षांच्या सरासरीचा आहे.

खरा आक्षेप संदेशकर्त्याला सुचलाच नाही. बाजार समितीतील कोणताही मापारी सांगेल की तराजूतच पासंग असेल तर हजार वेळा तोलूनही वजन चुकीचेच येते. टोपेक्सच्या पहिल्या यंत्रात असा पासंग खरोखरच शिरला होता. किनाऱ्यावरील भरतीमापकांशी ताडून पाहिल्यावर तो उघड झाला, आणि दुरुस्तीनंतर १९९० च्या दशकातील वाढीचा वेग आधीच्या हिशेबापेक्षा कमी निघाला. आकडे फुगवणारे स्वतःचाच आकडा असा खाली आणत नाहीत.

शिवाय हा एकाच काट्याचा हिशेब नाही. २००२ पासून ग्रेस उपग्रह गुरुत्वाकर्षणावरून समुद्रातील पाण्याचे वजन मोजू लागले, समुद्रात सोडलेले आर्गो नावाचे तरंडे पाण्याची उष्णता नोंदवतात, आणि वितळलेला बर्फ व उष्णतेने झालेला फुगवटा यांची बेरीज रडारच्या आकड्याशी बऱ्याच अंशी जुळते. आपल्या इस्रोने फ्रान्ससोबत २०१३ मध्ये सोडलेला सरल उपग्रहही याच कामाचा.

उरले छायाचित्र. १९९३ पासूनची जागतिक सरासरी वाढ सुमारे दहा सेंटिमीटर आहे, तर मुंबईत उधाणाच्या दिवशी भरती-ओहोटीतील फरक चार मीटरच्याही वर जातो. संदेशातील छायाचित्र कोणत्या दिवशी, किती वाजता घेतले, हे मात्र त्यात कुठेही लिहिलेले नाही.