खुलासा: एचआरडीसीचं नाव बदललंय, प्रमाणपत्रं रद्द झालेली नाहीत

पुण्यातल्या प्राध्यापकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक मेसेज फिरतो आहे: ‘यूजीसीची एचआरडीसी केंद्रं बंद झाली, तिथले ओरिएंटेशन-रिफ्रेशर आता पदोन्नतीला चालणार नाहीत.’ हे खरं नाही. एचआरडीसी म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाची (यूजीसी) प्राध्यापकांना प्रशिक्षण देणारी केंद्रं; ओरिएंटेशन हा तिथला अध्यापनाची ओळख करून देणारा कोर्स आणि रिफ्रेशर हा उजळणीचा.

५ सप्टेंबर २०२३ रोजी मालवीय मिशन शिक्षक प्रशिक्षण कार्यक्रम सुरू झाला आणि याच केंद्रांना ते नाव मिळालं. एचआरडीसी होण्याआधी ती अकॅडमिक स्टाफ कॉलेजं होती. म्हणजे नाव बदलण्याची ही पहिली वेळ नव्हे.

यूजीसीचे २०१८ चे विनियम पुन्हा वाचले. सहायक प्राध्यापकाला वेतनाच्या लेव्हल १० वरून ११ वर पदोन्नतीने जाताना इतर अटींबरोबर २१ दिवसांचा ओरिएंटेशन कोर्स लागतो. त्याच्या जोडीला रिफ्रेशर, संशोधन पद्धतीचा कोर्स किंवा ई-प्रमाणपत्रासह एखादा ‘मूक’ (MOOC, म्हणजे सर्वांसाठी खुला ऑनलाइन) कोर्स चालतो. पाहिला जातो तो कोर्सचा प्रकार आणि कालावधी, केंद्राचं नाव नव्हे.

नव्याने रुजू झालेल्यांनी या मेसेजपायी नोंदणी रद्द करू नये, याची मला खरी काळजी वाटते. शिकवायचं कसं, हे निवांत शिकायची संधी आपल्या पेशात फार थोड्यांदा मिळते.

कृपया तो मेसेज पुढे पाठवू नका. पाठवला असेल तर त्याच ग्रुपवर हा खुलासा टाका. स्वतःच्या फाईलबद्दल शंका असल्यास कॉलेजच्या आयक्यूएसी (अंतर्गत गुणवत्ता हमी कक्ष) समन्वयकांना विचारा.